घर सांभाळणाऱ्या तपास अधिकाऱ्याची खूनकथा लिहायची आहे? पहिल्या कादंबरीसाठी पायऱ्या

खुनाचा तपास करणारा अधिकारी आणि त्याच वेळी त्याच्या घरात चाललेली ओढाताण, अशी कादंबरी लिहायचं मनात असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी या वाटेने एक कादंबरी पूर्ण केली. कायद्याची माहिती एका ठिकाणी, पोलिसांच्या रोजच्या कामाची दुसरीकडे आणि लेखनाचा सल्ला तिसरीकडेच, अशी बरीच शोधाशोध करावी लागली. ते सगळं इथे क्रमाने देते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. पहिल्या खर्ड्यात बहुतेकांचा खून एका बाजूला चालतो आणि घर दुसऱ्या बाजूला. तीन प्रकरणं तपासाची, मग एक प्रकरण भांडणाचं, पुन्हा तपास. अशा कादंबरीतलं घर वाचक भराभर उलटून टाकतो. घर आणि तपास यांनी एकाच माणसाचे तेच चोवीस तास एकमेकांकडून ओढून घेतले पाहिजेत. म्हणून खालच्या जवळजवळ प्रत्येक पायरीत मी तुम्हाला तास आणि तारखा मोजायला लावणार आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच काल्पनिक गोष्ट लेखभर वापरते. ठिकाण मिरज, काळ सप्टेंबर २०२५. कृष्णा घाटाजवळ एका पुरुषाचा मृतदेह सापडतो. तपास एका सहायक पोलीस निरीक्षक बाईंकडे येतो. त्यांच्या आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे, नवरा रेल्वेत पाळीच्या नोकरीत आहे, भाऊ पुण्यात आहे आणि तो फोन उचलत नाही.

आधी जमवायची सामग्री

- भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम. मराठी अनुवाद मिळाला तर तोच घ्या. पात्रांच्या तोंडी येणारे शब्द तिथूनच सापडतात.
- ज्या वर्षात गोष्ट घडते त्या वर्षाची तिथी, सण, ग्रहणं दाखवणारी दिनदर्शिका.
- गावाचा किंवा शहराचा मोठा नकाशा. नदी, पूल, रुग्णालय, न्यायालय, बसस्थानक त्यावर खुणेने दाखवा.
- पाच-सहा खऱ्या फिर्यादी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबरी अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ते पाहता येतात.
- खुनाच्या खटल्यांचे तीन तरी निकाल. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सत्र न्यायालयांचे निकाल फुकट मिळतात. त्यातला एक तरी निर्दोष सुटकेचा असू द्या. तपास कुठे फसला हे त्यात परिच्छेदवार लिहिलेलं असतं.
- वैद्यकीय विद्यार्थी वापरतात ते न्यायवैद्यकशास्त्राचं एखादं पुस्तक.
- बोलायला दोन माणसं: एक निवृत्त तपास अधिकारी आणि एक पोलिसाच्या घरातली व्यक्ती. या दोघांशी वेगवेगळं बोला. एकाच खोलीत बसवलंत तर दुसरी व्यक्ती गप्प राहते.

## १. गुन्ह्याच्या आधी हुद्दा ठरवा

नवोदित लेखक खुनाची युक्ती आधी ठरवतात आणि मग तिला साजेसा अधिकारी शोधतात. उलटं करा. तुमचा माणूस कोण आहे यावर त्याला काय करता येईल आणि घरी कधी जाता येईल हे ठरतं.

खुनाचा तपास सहसा पोलीस निरीक्षक किंवा सहायक पोलीस निरीक्षक करतो. हवालदार आणि शिपाई माहिती काढतात, साक्षीदार शोधून आणतात, मुद्देमाल घेऊन प्रयोगशाळेत जातात. जिल्ह्यात स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे एलसीबी, त्याच गुन्ह्याचा समांतर तपास करत असते. पोलीस ठाण्याचं डीबी पथक, म्हणजे गुन्हे उघडकीला आणणारं पथक, आणि एलसीबी यांच्यातली चुरस ही तुम्हाला आयती मिळालेली गोष्ट आहे. आपल्या मॅडम आईला घेऊन रुग्णालयात बसलेल्या असताना एलसीबीने संशयित उचलला तर? हा एकच प्रसंग दोन्ही कथानकं हलवतो.

मयत अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि अॅट्रॉसिटीचं कलम लागलं, तर तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. हे विसरून लिहिलेल्या कादंबरीत जाणकार वाचक तिथेच थांबतो.

खासगी गुप्तहेर घ्यायचा असेल तर त्याला अटकेचा, झडतीचा, फोनचे तपशील मागवण्याचा काहीही अधिकार नाही हे धरून चाला. त्याची गोष्ट वेगळ्या प्रकारची होते. पहिल्या कादंबरीसाठी मी पोलीस अधिकारीच सुचवेन, कारण त्याच्यावर बाहेरून येणाऱ्या मुदती असतात आणि त्या तुमचं कथानक ओढून नेतात.

## २. गोष्टीचं वर्ष पक्कं करा

१ जुलै २०२४ पासून वरच्या यादीतले तीन नवे कायदे लागू झाले. त्या दिवसापासून घडलेल्या खुनाला न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. त्याआधीच्या खुनाला भारतीय दंड संहितेचं ३०२. जुना खून आणि नवी फिर्याद असेल तर शिक्षेचं कलम जुनं आणि तपासाची पद्धत नवी, असा मेळ बसतो.

म्हणून २०२५ सालच्या फिर्यादीत ‘तीनशे दोन’ लिहू नका. मात्र जुने हवालदार बोलताना अजूनही ‘तीनशे दोनची केस’ म्हणतात, तसं संवादात चालेल. कागदावर एक कलम आणि तोंडात दुसरं, हा सध्याच्या पोलीस ठाण्यांचा खरा रंग आहे.

## ३. मृतदेह सापडल्यापासूनचे पहिले तास नीट बसवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

मृतदेह सापडला की लगेच खुनाचा गुन्हा दाखल होतो असं नाही. मृत्यूचं कारण स्पष्ट नसेल तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते. ठाण्यात तिला ‘एडी’ म्हणतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली मरणोत्तर पंचनामा होतो, मृतदेह शवविच्छेदनाला जातो, आणि डॉक्टरांचा अभिप्राय किंवा घटनास्थळावरचा पुरावा खुनाकडे बोट दाखवू लागला की एडीचा गुन्हा होतो. या मधल्या काळात वरिष्ठ म्हणतात, ‘बुडून मेलाय, एडी ठेवा.’ तुमच्या नायिकेला शंका असते. कादंबरीची पहिली पन्नास पानं इथे सहज उभी राहतात.

नदीतल्या मृतदेहाचे प्रश्न वेगळे. पाण्यात पडताना माणूस जिवंत होता का? नाका-तोंडाशी बारीक चिवट फेस आहे का? फुप्फुसांची अवस्था काय? हाडातल्या मज्जेत नदीतल्या सूक्ष्म शैवालांचे, म्हणजे डायटमचे, अंश सापडतात का? आणि हद्दीचा प्रश्न तर असतोच. कृष्णा पुढे कर्नाटकात जाते. वरच्या गावात टाकलेला मृतदेह खालच्या गावात लागतो. गुन्हा आपल्या हद्दीतला नसला तरी शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवावा लागतो आणि ते आता कायद्यातच लिहिलेलं आहे.

मृत्यूच्या वेळेबद्दल फार नेमकं बोलू नका. ‘रात्री ११ वाजून २० मिनिटांनी’ असं सांगणारा डॉक्टर कुठेही भेटत नाही. शरीराची ताठरता साधारण बारा तासांत चढते, बारा तास राहते आणि बारा तासांत उतरते हा जुना आडाखा आहे. आपल्या उन्हाळ्यात ती लवकर येते आणि लवकर जाते. कुजण्याबद्दलही असाच एक ठोकताळा आहे: हवेत एक आठवडा, पाण्यात दोन, जमिनीखाली आठ. डॉक्टर नेहमी अंदाजाची पट्टी देतात, आणि संशयिताचा बचाव त्या पट्टीत शिरतो.

शवविच्छेदन रात्री करायला केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला किंवा संशयास्पद मृतदेह यांना ती नाही. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच अपवाद. म्हणजे संध्याकाळी सापडलेला मृतदेह रात्रभर शवागारात थांबतो आणि नातेवाईक बाहेर आवारात बसून राहतात. ही रात्र लिहा. अधिकारी त्या नातेवाइकांसमोर आहे आणि तिच्या फोनवर घरून तीन फोन येऊन गेले आहेत.

आता पंचनामा. तो वाचल्याशिवाय लिहू नका. त्याची भाषा ठरलेली असते: ‘आम्ही खाली सही करणारे पंच, पोलिसांनी बोलावल्यावरून समक्ष हजर राहून पंचनामा लिहून देतो की…’ मग चतुःसीमा येते. पूर्वेस घाटाच्या पायऱ्या, पश्चिमेस नदीपात्र, उत्तरेस अमुक, दक्षिणेस तमुक. मग मृतदेहाचं डोकं कोणत्या दिशेला, पाय कोणत्या दिशेला, अंगावर कोणते कपडे, शर्टाची कितवी गुंडी तुटलेली, खिशात काय. प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात, त्यावर पंचांच्या सह्यांचं कागदी लेबल आणि लाखेची मोहर. नव्या कायद्याने झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं, बहुधा मोबाइलवरच. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी येणं हीसुद्धा नव्या संहितेची तरतूद आहे, आणि ती राज्यांनी टप्प्याटप्प्याने लागू करायची आहे.

तुमच्या घटनास्थळाचा एक पूर्ण पंचनामा दोन पानांत लिहून काढा. तो कादंबरीत छापायचा नाही. पण तो लिहिताना तुम्हाला कळेल की पंच म्हणून उभा राहिलेला पानटपरीवाला घड्याळ बघतो आहे, एका पायातली चप्पल सापडत नाही, आणि पायऱ्यांवर कालच्या घरगुती गणपतींचं निर्माल्य पडलेलं आहे. हे तीन तपशील तुम्हाला नुसत्या कल्पनेने सुचले नसते.

## ४. घरची एकच अडचण घ्या आणि तिला तारखा द्या

दारू, घटस्फोट, बिघडलेला मुलगा, सासूची कटकट, कर्ज, सगळं एकाच अधिकाऱ्याच्या डोक्यावर टाकू नका. एक अडचण निवडा आणि तिची पद्धत तपासाइतकीच बारकाईने शिका.

निवडताना एकच प्रश्न विचारा: या अडचणीला स्वतःच्या तारखा आहेत का? ‘नवरा-बायकोचं पटत नाही’ याला तारीख नाही. परस्परसंमतीने घटस्फोटाच्या अर्जाला आहे: हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, आणि तो काळ माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. बारावीच्या परीक्षेला तारखा आहेत. बाळंतपणाला आहेत. डायलिसिसला तर आठवड्याला तीन आहेत.

मी डायलिसिस का निवडलं ते सांगते. एकेक सत्र साधारण चार तासांचं. चुकवलं की अंगात पाणी साठतं, धाप लागते. हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, असतो. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, सुई टोचायची नाही, जड पिशवी धरायची नाही. त्यावर बोट ठेवलं तर रक्ताची थरथर लागते. दिवसभराचं पाणी मोजून प्यायचं, डाळीचं कढण आणि शहाळ्याचं पाणी जपून. अशा घरात तांब्या कुठे ठेवलाय, कोणी किती घोट प्यालं, हे सगळ्यांच्या लक्षात असतं. मृतदेहाच्या नखातली माती बघणारी बाई घरी आल्यावर आईच्या पायाची सूज अंगठ्याने दाबून बघते. तीच नजर, तेच हात.

आणि आई एके दिवशी म्हणते, आता पुरे, मला नाही जायचं त्या मशीनवर. अनोळखी माणसाच्या मृत्यूसाठी रात्रंदिवस धावणाऱ्या मुलीला हे ऐकावं लागतं. तुमच्या गोष्टीतला असा गाभ्याचा प्रसंग शोधा. घरचं संकट आणि खून यांचा मूळ प्रश्न एकच निघाला तर कादंबरी आपोआप धरते. इथे तो प्रश्न आहे, कोणाच्या जाण्याचा निर्णय कोणी घ्यायचा.

पोलिसाच्या घराबद्दल थोडं. माझं सासर पोलीस वसाहतीतलं. साप्ताहिक सुट्टी कागदावर असते आणि बंदोबस्त लागला की रद्द होते. मुंबईत आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला, पण तालुक्याच्या ठाण्यात तपास अधिकाऱ्याला तास विचारायची सोय नसते. वसाहतीतल्या बायकांना गणवेश दोरीवर वाळत आहे की नाही यावरून कोणाच्या घरी माणूस आहे हे कळतं. पोरं शाळेच्या कागदावर सही घ्यायला ठाण्यात येतात. जेवणाचा डबा शिपायाच्या हाती पाठवला जातो आणि तो रात्री तसाच परत येतो. असे तपशील विचारूनच मिळतात. विचारा.

रजेचे प्रकारही शिकून घ्या: किरकोळ रजा, अर्जित रजा, वैद्यकीय रजा. रजेचा अर्ज, त्यावर वरिष्ठांची ‘बंदोबस्तामुळे शिफारस नाही’ अशी ओळ, हा अर्धा पानाचा प्रसंग दहा पानांच्या भांडणापेक्षा जास्त सांगून जातो.

## ५. दोन रकान्यांची दिनदर्शिका बनवा

मोठ्या कागदावर मध्ये तारीख, डावीकडे तपास, उजवीकडे घर. आपल्या मिरजेच्या गोष्टीची सुरुवात अशी दिसते:

- गुरुवार, ४ सप्टेंबर. तपास: पहाटे मृतदेह, पंचनामा, दुपारी शवविच्छेदन. घर: आईचं सकाळी आठचं डायलिसिस. नवरा रात्रपाळी करून आलेला, तोच नेतो.
- शुक्रवार, ५ सप्टेंबर. तपास: ईद-ए-मिलाद, शहरात बंदोबस्त. डॉक्टरांचा प्राथमिक अभिप्राय, गळ्याजवळ मार. एडीचा गुन्हा होतो. घर: भावाला फोन, तो उचलत नाही.
- शनिवार, ६ सप्टेंबर. तपास: अनंत चतुर्दशी. मिरजेची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, सगळं मनुष्यबळ रस्त्यावर, तपासाला माणूस नाही. घर: डायलिसिसचा दिवस, रस्ते बंद, रिक्षा आत येत नाही.
- रविवार, ७ सप्टेंबर. तपास: फोनचे तपशील आले. घर: रात्री खग्रास चंद्रग्रहण. आई वेधात काही खायचं नाही म्हणते, गोळ्या मात्र जेवणानंतरच्या.
- बुधवार, १० सप्टेंबर. तपास: रात्री अटक. घर: उद्याच्या सत्राला कोण नेणार?
- गुरुवार, ११ सप्टेंबर. तपास: संशयिताला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणं. घर: आईने अंथरुणातून उठायला नकार दिला.

शनिवार पाहा. मी काहीही रचलेलं नाही. सण, मिरवणूक आणि डायलिसिस एकाच दिवशी आले आणि प्रसंग तयार झाला. दिनदर्शिकेशिवाय मला ग्रहणाचं वेध सुचलं नसतं.

अटकेनंतर कायद्याच्या मुदती डाव्या रकान्यात उतरवा:

- अटकेपासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर.
- पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपर्यंत. खुनाच्या गुन्ह्यात ती आता पहिल्या ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने घेता येते.
- ९० दिवसांत दोषारोपपत्र. नाही गेलं तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, पुरावा कितीही पक्का असो.

वरच्या उदाहरणात ही मुदत डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपते. म्हणजे पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी सगळं मध्ये येतं. उजव्या रकान्यात आता भाऊबीज आपोआप पडली आहे, आणि भाऊ अजून फोन उचलत नाही. पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही.

## ६. संशयित, पुरावा, कबुली: नेहमीचे सापळे

शेवटी ठाण्यात कबुली. सगळ्यात मोठा सापळा. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. कबुली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, स्वेच्छेने, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली नोंदवावी लागते. पोलिसांच्या हाती राहतं ते एवढंच: आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग ग्राह्य धरला जातो. त्यासाठी पंचांसमोर निवेदन पंचनामा होतो आणि मग वस्तू काढून दिली जाते. तुमचा शेवट यावर उभा करा. विहिरीतून वर येणारी चप्पल ही रडत दिलेल्या कबुलीपेक्षा भारी पडते.

नार्को चाचणी. संमतीशिवाय करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं.

फोनचा सीडीआर. त्यात कोणी कोणाला, कधी, किती वेळ आणि कोणत्या टॉवरवरून फोन केला एवढंच कळतं. बोलणं ऐकू येत नाही. टॉवरही घर दाखवत नाही, परिसर दाखवतो.

सीसीटीव्ही. चित्रण मिळालं म्हणजे झालं नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. दुकानदार म्हणतो, पोराला विचारून देतो, आणि तोवर जुन्या चित्रणावर नवं चढतं.

साक्षीदाराला ठाण्यात बोलावणं. महिला, पंधरा वर्षांखालची मुलं, साठीच्या वरची माणसं यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घ्यायला घरी जावं लागतं. तपासाच्या वेळी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. आणि महिलेला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते.

प्रयोगशाळेचा अहवाल दुसऱ्या दिवशी. व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले आतल्या अवयवांचे नमुने, आणि रक्ताचे नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. तिथल्या रासायनिक तपासणीच्या अहवालाला ठाण्यात ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. ‘सीए रिपोर्ट आला का’ हा प्रश्न ठाण्यात आठवडेच्या आठवडे विचारला जातो. अहवाल मधल्या प्रकरणांत येऊ द्या.

प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसेल तर परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पूर्ण लागते. पुण्यातल्या सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या आणि त्यांना पंचशील म्हटलं. त्यातली शेवटची कसोटी भिंतीवर चिकटवा: सगळे दुवे मिळून आरोपीशिवाय दुसऱ्या कोणी हे केलं असण्याची शक्यता उरता कामा नये. कादंबरी पूर्ण झाल्यावर तुमच्या प्रत्येक दुसऱ्या संशयिताला ही कसोटी लावून पाहा. एक जरी निसटला तर शेवट कच्चा आहे.

एक दिवस सत्र न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा. खटले खुल्या न्यायालयात चालतात, बंद दाराआड चालणारे सोडून. वकिलाने तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी घेताना पंचनाम्यातल्या खाडाखोडीवरून विचारलेले प्रश्न ऐकलेत की पंचनाम्याच्या प्रसंगाकडे तुम्ही वेगळ्याच काळजीने बघाल.

## ७. घर आणि तपास एकमेकांत कुठे घुसू द्यायचे

खुनी घरचाच निघाला, हा जोड सगळ्यांना आधी सुचतो. तो टाळा. अशा वेळी अधिकाऱ्याने तपास सोडायला हवा, आणि तुमची गोष्ट तिथेच तुटते.

त्याऐवजी लहान दुवे शोधा. मयताचा भाऊ डायलिसिसच्या खोलीबाहेर त्याच बाकावर बसतो. तपासात वापरलेली प्रश्न विचारायची पद्धत नायिका नवऱ्यावर वापरते आणि तो म्हणतो, ‘माझा जबाब घेतेयस का?’ घरी ऐकलेल्या वाक्यावरून तपासाचा धागा सापडतो, पण खोटा वाटू नये एवढ्या साध्या रीतीने: आई सांगते, नदीला पाणी सोडलं की घाटाची खालची पायरी दिसत नाही. मृतदेह त्या पायरीवर सापडला होता. कोयनेतून पाणी कधी सोडलं हे ती मग तपासते.

घरच्या माणसांना स्वतःची कामं द्या. ‘तुला घराची काही पडलेली नाही’ एवढंच म्हणणारा नवरा किंवा बायको लिहू नका. रेल्वेतल्या नवऱ्याच्याही पाळ्या आहेत, त्याचीही झोप मोडते, आणि सासूला उचलून रिक्षात बसवणारा तोच आहे. तो चिडतो तेव्हा बरोबर असतो. वाचकाला दोघांची बाजू पटली की प्रसंग आपोआप जड होतो.

## ८. बोली

ठाण्याची भाषा तुटक असते. ‘मॅडम, पंच थांबलेत. एकाला दुकान उघडायचंय, लवकर घ्या म्हणतोय.’ वरिष्ठ पुरुष अधिकारी ‘साहेब’, बाई ‘मॅडम’, हवालदाराला ‘पवार’ किंवा वयाने मोठा असेल तर ‘पवारमामा’. आरोपीशी ‘तू’, फिर्यादीशी ‘तुम्ही’. आणि गावातला वजनदार माणूस आरोपी झाला तर त्यालाही ‘तुम्ही’ होतं, हे टिपा.

घरी तीच बाई वेगळी बोलते.

‘आई, चार वाजेपर्यंत येते.’

‘ये सवडीनं. गलास झाकून ठेवलाय. अर्धाच प्यालेय.’

दोन ओळींत माया आहे, हिशेब आहे आणि तक्रार न करण्याची सवयही. बोली एवढीच पुरे. प्रत्येक शब्द गावठी करत बसलात तर वाचक अडखळतो. ज्या भागाची बोली तुमच्या कानात नाही, तिथे गोष्ट नेऊच नका.

## ९. खऱ्या माणसांची काळजी घ्या

खऱ्या खुनावरून सुचलं असेल तर गाव, काळ, नातं, धंदा यातल्या निदान तीन गोष्टी बदला. पोलीस ठाण्याचं नाव काल्पनिक ठेवा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मयताच्या घरी ‘कादंबरी लिहितोय’ म्हणून जाऊ नका. त्यांनी तुम्हाला बोलावलं तरच जा, आणि वही बंद ठेवून ऐका. निवृत्त अधिकारी रंगात येऊन खरी नावं सांगतात, ती वहीतसुद्धा लिहू नका.

## १०. खर्डा झाल्यावर

युनिकोडमध्येच टाइप करा. काही प्रकाशक आणि अक्षरजुळणीवाले अजून श्रीलिपी हा जुना फाँट मागतात, पण युनिकोडवरून तिकडे नेता येतं. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो. कॉपीराइट लिहिताक्षणी तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. केलीत तर साहित्यकृतीचं शुल्क ५०० रुपये आहे. दिवाळी अंकासाठी याच गोष्टीची दीर्घकथा करायची असेल तर उन्हाळ्यातच संपादकांशी बोला.

छापण्याआधी खर्डा त्या दोन माणसांना परत द्या. निवृत्त अधिकाऱ्याला विचारा: कोणत्या पानावर हा तपास न्यायालयात पडेल? पोलिसाच्या घरातल्या व्यक्तीला विचारा: कोणत्या पानावर या घरात कोणी जेवलेलंच नाही? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची पानं जास्त निघतात. त्यांच्यावर आधी काम करा.